झिरकॉनची क्षती आणि कुकडीकाठची राख : कालनिर्णयाच्या एका पद्धतीचे परीक्षण

खनिजाचे वय त्याच्या अंगावरील जखमांवरून काढता यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी इतकी सरळ वाटते की ती कोणाला फार पूर्वीच कशी सुचली नाही, याचे आश्चर्य वाटावे. वस्तुतः ती १९५३ साली हर्ले आणि फेअरबेर्न यांनी अमेरिकन भूविज्ञान संस्थेच्या पत्रिकेत व्यवस्थितपणे मांडली. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकात अल्प प्रमाणात युरेनियम व थोरियम ही मूलद्रव्ये सामावलेली असतात. त्यांच्या क्षयातून निघणारी ऊर्जा स्फटिकाची रचना वर्षानुवर्षे मोडीत राहते. ही मोडतोड किती झाली हे क्ष-किरणांच्या विवर्तनाने मोजावे, दरवर्षी ती किती होते हे अल्फा कणांच्या गणतीवरून ठरवावे, आणि पहिल्या संख्येस दुसरीने भागावे. भागाकार म्हणजे स्फटिकाचे वय. लेखकद्वयाने आपल्या निबंधाच्या शीर्षकात या रीतीस ‘संभाव्य’ पद्धती एवढेच म्हटले होते. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत हे विशेषण गळून पडले का, आणि पुणे जिल्ह्यातील ज्या एका वादग्रस्त प्रश्नासाठी अशा पद्धतीची खरी निकड आहे तेथे तिचा कितपत उपयोग आहे, याचे परीक्षण प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रश्न असा. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडी नदीच्या काठावरील गाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका थर आढळतो. कुकडी पुढे निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मधून, आपल्या सुप्रसिद्ध रांजणखळग्यांतून वाट काढीत शिरूरच्या परिसरात घोड नदीस मिळते, घोड भीमेस मिळते आणि भीमा दौंडवरून पुढे जाते. या सर्व प्रदेशाचा पाषाण एकच, दख्खनचा बेसाल्ट. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे. अशा प्रदेशात नदीच्या गाळात सिलिकायुक्त काचेची राख सापडणे म्हणजे ती येथली नव्हे हे उघडच आहे. ती ३,००० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली, याबद्दल आज दुमत नाही. दुमत आहे ते ती केव्हा आली याबद्दल. आणि या राखेच्या सान्निध्यात गोट्यांच्या थरांतून आदिमानवाची अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे मिळालेली असल्यामुळे हे दुमत केवळ भूवैज्ञानिकांपुरते राहत नाही. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरत आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यात गुंतलेले आहे.

आजवर निघालेली वये एकत्र पाहिली म्हणजे वाचकास या वादाचे स्वरूप कळेल. डेक्कन कॉलेजमधील आणि अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८९ साली राखेच्या शोधाचे वृत्त दिले तेव्हा पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने निघालेले वय सुमारे १४ लक्ष वर्षांचे होते. १९९३ साली हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जर्मन पत्रिकेत पोटॅशियम-आर्गॉन, विखंडन-रेषा आणि उष्मादीप्ती अशा तीन रीतींनी तीच राख तपासली आणि ते काही लक्ष वर्षांच्या निष्कर्षावर आले. १९९५ साली शीला मिश्र, वेंकटेशन, राजगुरू व सोमयाजुलू यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने ६ लक्ष ७० हजार वर्षे हे वय प्रसिद्ध केले. त्याच वर्षी शेन, वेस्टगेट, विल्यम्स व कोरिसेट्टर यांनी काचेच्या रासायनिक घटनेवरून ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे असा पक्ष मांडला, आणि १९९८ साली वेस्टगेट यांच्या गटाने द्वीपकल्पातील सर्वच टोबा-राखेस तो निर्णय लागू केला. पुढे २०११ साली वेस्टअवे, मिश्र, देव व ब्रिजलँड यांनी बोरी आणि बारामती तालुक्यातील मोरगाव येथील राखेची आर्गॉन वये पुन्हा मोजून ती सात-आठ लक्ष वर्षांच्या घरातील, अर्थात टोबाच्या सर्वांत जुन्या मोठ्या उद्रेकाची, असल्याचे प्रतिपादिले. एका राखेला ७५ हजार आणि ७५ लक्षांचा दहावा हिस्सा अशी दोन वये लाभली आहेत. कोणत्याही इतिहासकाराने आपल्या राजाचा काळ दहापटीने मागेपुढे केला असता तर त्याची गय झाली नसती.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. घोडेच्या काठी, शिरूर तालुक्यातच, इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे विस्तृत उत्खनन केले. त्या वसाहतीचा काळ, इ. स. पू. सुमारे १६०० ते ७००, कर्ब-१४ पद्धतीने समाधानकारकपणे निश्चित झाला. परंतु कर्ब-१४ ची धाव ५०,००० वर्षांच्या आसपास संपते. त्यापलीकडे, आणि बेसाल्टच्या वयाच्या अलीकडे, जो प्रचंड कालखंड पसरला आहे त्यात या नदीखोऱ्यांजवळ स्वतःचे असे घड्याळ नाही. राखेचा मोह पडतो तो याचमुळे. आणि मोहात पडलेल्याची परीक्षा कडक व्हावी हे योग्यच होय.

झिरकॉनच्या क्षतीची पद्धत प्रथम तिच्या स्वतःच्या गुणदोषांवरून पाहू. युरेनियमचा अणू अल्फा कण फेकतो तेव्हा दोन प्रकारची हानी होते. अल्फा कण स्वतः स्फटिकात दहा-वीस मायक्रॉन धावतो, पण वाटेत फारशी नासधूस करीत नाही; शंभरएक अणू जागचे हलवितो. खरी नासधूस करतो तो मागे उरलेला जड अणू. बंदुकीचा दस्ता खांद्यावर आदळावा तसा तो प्रतिक्षेपाने मागे ढकलला जातो आणि अगदी थोड्या अंतरात हजाराच्या आसपास अणू विस्थापित करतो. अशा असंख्य आघातांनी स्फटिकाची जालकरचना प्रथम फुगते, नंतर ठिकठिकाणी मोडते, आणि शेवटी संपूर्ण खनिज बाह्यतः आपला आकार टिकवूनही आत काचेसारखे अस्फटिकी होऊन जाते. ब्रगर यांनी १८९३ साली अशा खनिजांस ‘मेटामिक्ट’ हे नाव दिले. त्याचे कारण किरणोत्सर्ग हे मात्र किरणोत्सर्गाचा शोध लागल्यानंतर, १९१४ साली हँबर्ग यांनी सुचविले. अखंड झिरकॉनची घनता ४.७ च्या जवळ असते. पूर्ण मोडलेल्याची ४ च्याही खाली जाते. सिंहलद्वीपाच्या रत्नखाणींतील हिरवट, धूसर झिरकॉन हे याचे अभिजात उदाहरण. (आपल्याकडील सराफ बाजारात ‘जरकन’ म्हणून जो पांढरा चमकदार खडा विकला जातो तो बहुधा कारखान्यात तयार झालेला झिरकोनियमचा ऑक्साइड असतो, प्रस्तुत खनिजाशी त्याचा संबंध केवळ नावापुरता.)

हर्ले व फेअरबेर्न यांचे श्रेय असे की त्यांनी ही क्षती संख्येत बांधली. स्फटिकाच्या एका विशिष्ट पातळीवरून परावर्तित होणाऱ्या क्ष-किरणांचा कोन जालक फुगल्यामुळे कमी होतो. कोनातील ही घट म्हणजे क्षतीचे माप. त्यांच्या विचारातील कच्चा दुवा दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणे त्यांच्या समकालीनांच्याच लक्षात आली होती. पहिला दुवा प्रमाणाचा. क्षती आघातांच्या प्रमाणात वाढते हे आरंभीच खरे. जो भाग आधीच मोडला आहे तो पुन्हा मोडता येत नाही. हॉलंड व गॉटफ्रीड यांनी १९५५ साली सिंहली झिरकॉनवरून ही संपृक्ती स्पष्टपणे दाखवून दिली. एका ग्रॅममध्ये ८ पुढे १८ शून्ये इतके अल्फा क्षय घडले की झिरकॉन जवळजवळ पूर्णपणे मोडतो. पुढचा काळ त्याच्या अंगावर उमटत नाही.

दुसरा दुवा अधिक गंभीर आहे. जखमा भरून येतात. खडक काही शेकडा अंश तापला तर विस्थापित अणू आपापल्या जागी परतू लागतात, आणि घड्याळाचा काटा कोणाला न कळता मागे सरकतो. म्हणून क्षतीवरून निघालेले वय हे स्फटिकाच्या जन्माचे नसून तो शेवटचा थंड झाल्यापासूनचे असते. आणि तो पूर्णपणे तापला होता की अर्धवट, हे दुसऱ्या कोणत्या तरी पुराव्याने ठरवावे लागते. १९५० च्या दशकातील लेखनात या अडचणीचा उल्लेख आहे, पण ती अपवाद म्हणून. आज ती नियम म्हणून पाहिली जाते. नास्डाला आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधील निबंधाच्या शीर्षकातच क्षतीचा संचय व उष्णतेने होणारी दुरुस्ती यांना एकमेकांसमोर उभे केले आहे, ते उगाच नव्हे.

मापनाचे साधन मात्र या काळात फारच सुधारले. क्ष-किरणांस स्फटिकाची पूड लागे. आता एका कणाच्या एका बिंदूवर रामन वर्णपट घेता येतो. १९२८ साली कलकत्त्यात लागलेल्या शोधाचा हा एक अनपेक्षित वारसा. झिरकॉनमधील सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाच्या कंपनाची एक रेषा तरंगांक १००८ प्रति सेंटिमीटरच्या जवळ असते. अखंड स्फटिकात तिची रुंदी दोन एककांहून कमी. क्षती वाढली की ती रुंदावत तिसाच्याही पुढे जाते. पिजन यांनी २०१४ साली ‘झिरकॉनच्या किरणोत्सर्गजन्य क्षतीची वये’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला तो याच मापनाच्या आधारे. हर्ले-फेअरबेर्न यांची कल्पना अशा रीतीने साठ वर्षांनी पुनर्जन्म पावली, असे म्हणता येईल. पण तिच्यासोबत तिचे जुने दोषही जन्मास आले आहेत.

आता बोरीकडे वळू. वादात मध्यस्थ म्हणून क्षती-पद्धतीस बोलवावयाचे असेल तर प्रथम साधा हिशेब मांडून पाहावा. आश्चर्य असे की तो फारसे कोणी मांडत नाही. दर दशलक्ष भागांत ३०० भाग युरेनियम आणि त्याच्या निम्मे थोरियम असलेला झिरकॉन घेऊ. हे प्रमाण अवास्तव नाही. तो बेसाल्टच्या काळचा, म्हणजे ६ कोटी ६० लक्ष वर्षांचा असेल तर त्याच्या एका ग्रॅममध्ये तोवर सुमारे ७ पुढे १६ शून्ये इतके अल्फा क्षय झाले असतील. पूर्ण मोडण्यास लागणाऱ्या आघातांचा हा जेमतेम शंभरावा हिस्सा. रामन रेषेची रुंदी त्यामुळे सुमारे अर्ध्या एककाने वाढेल. काळजीपूर्वक काम करणाऱ्यास ती दिसेल. तोच झिरकॉन साडेसात लक्ष वर्षांचा असेल तर क्षय ८ पुढे १४ शून्ये, आणि पाऊण लक्ष वर्षांचा असेल तर ८ पुढे १३ शून्ये. रुंदीतील वाढ पहिल्या बाबतीत एककाच्या काही सहस्रांशांची, दुसऱ्या बाबतीत त्याच्याही दहाव्या हिश्शाची. ही वाढ आजच्या कोणत्याही वर्णपटमापकाच्या आवाक्याबाहेर आहे. तात्पर्य, वादी आणि प्रतिवादी यांच्या दाव्यांत दसपटीचे अंतर असूनही साकल्याने मोजलेली क्षती त्यांच्यात निवाडा करू शकत नाही. दोन्ही वयांचे झिरकॉन तिला सारखेच नवे कोरे दिसतात.

परंतु क्षती मोजण्याचा दुसराही मार्ग आहे. जखमांची बेरीज न करता त्या एकेक मोजाव्या. युरेनियम-२३८ चे सुमारे १८ लक्ष अणू अल्फामार्गाने क्षय पावतात तेव्हा एखादा अणू आपोआप दुभंगतो. त्याचे दोन तुकडे परस्परविरुद्ध दिशांना धावतात आणि स्फटिकात सुमारे ११ मायक्रॉन लांबीची एक सलग रेषा कोरून जातात. वितळलेल्या दाहक क्षारात कण बुडविला की ही रेषा रुंदावते आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू लागते. प्राइस, वॉकर आणि फ्लायशर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही रीत कालनिर्णयास लावली. तिचे सामर्थ्य कशात आहे हे पुन्हा हिशेबानेच कळते. वरच्याच झिरकॉनचा एक दशांश मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा घासलेला पृष्ठभाग घेतला, तर ७५,००० वर्षांत त्यावर सरासरी एक रेषा दिसेल; साडेसात लक्ष वर्षांत बारा; आणि बेसाल्टइतका जुना असेल तर सुमारे अकराशे, म्हणजे मोजण्याच्या पलीकडची दाटी. असे वीस कण तपासले तर एका पक्षाच्या मते २५ रेषा मिळावयास हव्यात आणि दुसऱ्याच्या मते २५०. या दोन संख्यांत गल्लत होण्याचे भय नाही.

आणखी एक लाभ आहे, आणि टोबाच्या बाबतीत तो निर्णायक ठरावा असा आहे. झिरकॉनमधील युरेनियम-शिसे घड्याळ स्फटिक शिलारसात घडला तेव्हापासून चालू होते. महाउद्रेकापूर्वी शिलारस भूगर्भात फार काळ साचून राहतो. व्हास्केझ व रीड यांनी २००४ साली टोबाच्या अॅलनाइट खनिजावरून हे दाखविले आहे. तेव्हा स्फटिकाचा जन्म आणि उद्रेक यांत मोठे अंतर पडू शकते. विखंडन-रेषा मात्र शिलारसाच्या उष्णतेत टिकतच नाहीत. त्या उमटताच भरून येतात. त्यांची गणती स्फटिक हवेत फेकला जाऊन थंड झाला त्या दिवसापासूनच सुरू होते. ज्या गुणामुळे क्षती-पद्धती प्राचीन, वारंवार तापलेल्या खडकांत अविश्वसनीय ठरते, तोच गुण येथे उपकारक होतो.

मग हे झाले का नाही? कारण कुकडीच्या राखेत झिरकॉन मिळणेच दुर्घट. ३,००० किलोमीटर वाऱ्यावर आलेल्या राखेत प्रामुख्याने काचेचे पातळ पापुद्रे आणि काळ्या अभ्रकाचे पत्रे असतात. झिरकॉनसारखा काचेच्या दुप्पट जड कण वाटेतच गळून पडतो. जो पोचेल तो अतिसूक्ष्म. एक दशांश मिलिमीटरऐवजी तीन शतांश मिलिमीटरचा कण घेतला तर क्षेत्रफळ अकरापटीने घटते, आणि अपेक्षित रेषा ७५,००० वर्षांच्या पक्षात नऊ कणांमागे एक, साडेसात लक्षांच्या पक्षात कणामागे एक. तरीही शंभर कण मिळाले तर ११ आणि ११० असा भेद उरतोच. तेव्हा अडचण तत्त्वाची नसून चिकाटीची आहे, असेच म्हणावे लागते.

झिरकॉनच्या अभावी संशोधकांनी काचेवर भिस्त ठेवली. १९९३ च्या जर्मन निबंधाचे एक सहलेखक स्टॉर्झर हे काचेतील विखंडन-रेषांच्या दुरुस्ती-पद्धतीचे एक आद्य प्रवर्तक. तेव्हा त्या कामास तज्ज्ञतेचा अभाव होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु काच हे झिरकॉनपेक्षा दोन बाबतींत दुबळे माध्यम आहे. तिच्यात युरेनियम पन्नास-साठपटींनी कमी असते, म्हणून रेषा विरळ; आणि तिच्यातील रेषा साध्या भूपृष्ठीय तापमानातही हळूहळू पुसट होतात, म्हणून मिळालेली संख्या दुरुस्तीशिवाय वापरता येत नाही. थोड्या रेषांवर दुरुस्तीचा गुणक चढविला की चूकही गुणली जाते. त्याच निबंधातील तिसरी रीत, उष्मादीप्ती, हीदेखील तत्त्वतः किरणोत्सर्गजन्य क्षतीचीच. फक्त तेथे अणू नव्हे तर इलेक्ट्रॉन जागचे हलून अडकून पडतात. तीही काही लक्ष वर्षांत तुडुंब भरते. तीन पद्धती एकत्र आल्या म्हणजे तीन साक्षीदार झाले असे नाही, ही सावधगिरी त्या निबंधाच्या वाचकाने बाळगावयास हवी होती. पुढील लेखनात ती क्वचितच दिसते.

आर्गॉन वयांच्या परीक्षणात वेस्टगेट-पक्षाचा मुख्य आक्षेप असा की नदीने राख वाहून आणताना तिच्यात स्थानिक बेसाल्टचे कण मिसळले आणि त्यांतील जुन्या आर्गॉनने वय फुगविले. आक्षेप ग्राह्य आहे, पण त्याचीही किंमत मोजून पाहिली पाहिजे. ७५,००० वर्षांची राख ६ लक्ष ७० हजार वर्षांची भासावी यासाठी नमुन्यातील पोटॅशियमपैकी शंभरात सुमारे एक भाग बेसाल्टमधून यावयास हवा. बेसाल्टमध्ये पोटॅशियम टोबाच्या काचेच्या दहाव्या हिश्शाइतकेच असते; म्हणून वजनाने नमुन्यात शंभरात आठ भाग बेसाल्ट असावा लागेल. १४ लक्ष वर्षांच्या पहिल्या निष्कर्षासाठी तर सतरा भाग. काळ्या ऑगाइटचे आणि मॅग्नेटाइटचे इतके कण शुभ्र काचेत निवडणाऱ्याच्या नजरेतून सुटावेत, हे पटणे कठीण. उलट काचेस चिकटलेला सूक्ष्म फेल्डस्पार आणि चिकणमाती सुटू शकते, हेही खरे. तेव्हा भेसळीचा आक्षेप घेणाऱ्याने भेसळ दाखवून द्यावयास हवी होती. आणि आर्गॉन-पक्षाने ती नाही हे सिद्ध करावयास हवे होते. दोन्ही पक्षांनी बहुतांशी आपापल्या पद्धतीच्या अचूकतेवर भर दिला, नमुन्याच्या शुद्धतेवर नव्हे. पहिल्या १४ लक्षांवरून सहा वर्षांत पावणेसात लक्षांवर येणे ही सुधारणा आहे यात शंका नाही. पण वय ज्या दिशेने घसरत गेले ती दिशा भेसळीच्या आक्षेपास पोषक आहे, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

रासायनिक पक्षही निर्दोष नाही. टोबाच्या निरनिराळ्या उद्रेकांची काच एकमेकींशी इतकी मिळतीजुळती आहे की भेद सूक्ष्ममात्र मूलद्रव्यांवर येऊन टेकतो. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली काळ्या अभ्रकाच्या घटनेवरून उद्रेक ओळखण्याची रीत पुढे आणली ती ही उणीव जाणूनच. शिवाय एखादी राख अमुक उद्रेकाच्या राखेसारखी आहे हे सांगणे म्हणजे तिचे वय मोजणे नव्हे. ते ओळख पटविणे आहे. ‘सर्वच’ या शब्दावर १९९८ च्या निबंधाने जो भार टाकला तो त्याच्या पुराव्यास पेलतो की नाही, हा प्रश्न २०११ च्या प्रतिनिबंधानंतर मोकळाच राहिला.

या ठिकाणी क्षती-पद्धतीस पुन्हा साक्षीस बोलवावेसे वाटते, पण निराळ्या कामासाठी. बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ घडतच नाही. तो सिलिकायुक्त शिलारसाचा स्फटिक आहे. म्हणून शिरूर-दौंडच्या नदीवाळूत झिरकॉन मिळालाच तर तो बहुतेक परका समजावा. तो येण्याच्या वाटा मोजक्याच. एक, टोबाची राख. दुसरी, वाऱ्याबरोबर फार जुन्या खडकांतून आलेली धूळ. तिसरी वाट मोठी विलक्षण आहे. शोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली सह्याद्रीतील लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तांबड्या बोल-मातीतून झिरकॉन वेगळे केले, आणि त्यांच्या युरेनियम-शिसे वयांवरून दख्खनच्या उद्रेकांचा काळ आजवर न साधलेल्या सूक्ष्मतेने बांधला. मुख्य उद्रेकाचा आरंभ ६ कोटी ६२ लक्ष ८८ हजार वर्षांपूर्वी, चूक अवघी २७ हजार वर्षांची. लाव्हा थांबला असता कोठून तरी सिलिकायुक्त राख येऊन त्या मातीत पडली, असा त्यांचा तर्क. गंमत अशी की या पद्धतीत क्षती ही घड्याळ नसून घड्याळातील गंज मानली जाते. मॅटिन्सन यांनी २००५ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे स्फटिक आधी आठ-नऊशे अंशांपर्यंत तापवून त्याच्या किरकोळ जखमा भरून काढतात, आणि मग जो भाग भरून येण्यापलीकडे मोडला आहे तो हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवून टाकतात. कारण शिसे निसटते ते त्याच भागातून. हर्ले-फेअरबेर्न ज्याचे मापन करू पाहत होते ते आज प्रयोगशाळेत धुऊन टाकले जाते.

या तीन वाटांनी आलेले झिरकॉन वयाने एकमेकांपासून इतके दूर आहेत की क्षती-पद्धतीचा ढोबळपणा तेथे आड येत नाही. अतिप्राचीन धुळीचा कण रामन रेषेच्या रुंदीवरूनच ओळखू येईल. बोल-मातीतून सुटून आलेला कण रुंदीवरून संशयास्पद आणि रेषांच्या दाटीवरून निश्चित ठरेल. उरलेले स्वच्छ कण तेवढे टोबाचे. ज्या भेसळीवरून आर्गॉनचा वाद पेटला, ती भेसळ कणाकणाने निवडून बाजूला काढण्याचे हे साधन आहे. आणि निवडलेल्या कणांवरील विखंडन-रेषा मोजल्या की वयाचाही निकाल लागतो. क्षतीला वय विचारले तर ती येथे मुकी. कुळ विचारले तर ती बोलते.

वादाचे महत्त्व कमी झाले आहे, असे काहींना वाटू लागले आहे. तामिळनाडूतील अत्तिरमपाक्कम येथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अश्युलियन हत्यारांचे वय १० लक्ष वर्षांहून अधिक, सरासरीने १५ लक्ष, असे प्रसिद्ध केले. मग बोरीचा माणूस ६ लक्ष ७० हजार वर्षांपूर्वीचा असल्यास त्यात नवल काय, असा हा युक्तिवाद. तो फसवा आहे. अत्तिरमपाक्कममुळे बोरीचे मोठे वय शक्य कोटीत येते, सिद्ध होत नाही. राख ७५,००० वर्षांची असेल तर तिच्याखालील हत्यारांबद्दल ती केवळ एवढेच सांगते की ती याहून जुनी आहेत; किती जुनी याबद्दल ती मौन बाळगते, आणि कुकडीकाठचा अश्युलियन माणूस पुन्हा कालहीन होतो. त्यातही राख जागच्या जागी पडलेली आहे की नदीने पुन्हा उचलून ठेवलेली, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेपूर्वी खड्ड्यातच सोडवावा लागतो.

कामाची दिशा कठीण असली तरी खर्चिक नाही. बोरीच्या थरातून काही शेर नव्हे तर काही मण राख घ्यावी लागेल; ती धुऊन, चाळून, ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात बुडवून तळाशी बसलेला अंश वेगळा करावा लागेल. त्याच रीतीने कुकडी-घोडेच्या राख नसलेल्या गोटाळ थरांतून शिरूरजवळ एक नमुना, आणि भीमेच्या आजच्या वाळूतून दौंडजवळ एक नमुना, असे दोन तुलनेसाठी घेतले पाहिजेत. या दोहोंत झिरकॉन किती आणि कोणत्या क्षतीचे मिळतात, हे आधी कळल्यावाचून बोरीच्या कणांबद्दल काही बोलणे उतावीळपणाचे होईल. मॅग्नेटाइट आणि ऑगाइट यांच्या काळ्या ढिगातून एखादा रंगहीन, लांबट, चौकोनी छेदाचा कण सुईच्या टोकाने उचलावयाचा, हे काम आठवड्यांचे नव्हे तर महिन्यांचे आहे. दौंडच्या वाळूत असा एकही कण न मिळाला तर ते अपयश नव्हे. बोरीत मिळालेल्या प्रत्येक कणाचे मोल त्यामुळेच ठरणार आहे.